जर्दाळूचे झाड आणि वैजापूरचे अंगण

मनमाडहून छत्रपती संभाजीनगराकडे जाणाऱ्या लोहमार्गावर रोटेगाव नावाचे एक लहानसे स्थानक लागते. वैजापूरला जाणारा उतारू तेथे उतरतो आणि पुढची थोडीशी वाट मोटारीने पुरी करतो. ही वाट चैत्र-वैशाखात पाहावी. दोन्ही बाजूंची शेते नांगरून उघडी पडलेली असतात. काळ्या जमिनीला बोटे शिरतील अशा भेगा पडलेल्या असतात. नारंगी नदीच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू आणि दगडगोटेच अधिक दिसतात. तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते, नांदूर मधमेश्वरच्या कालव्याचे पाणीही काही गावांना पोचते. तरी पुष्कळ घरांत उन्हाळ्यात पाणी मोजूनमापूनच वापरावे लागते. सह्याद्रीने अडविलेले ढग रिते होऊन या बाजूला येतात, त्याला हा प्रदेश तरी काय करणार! अशा गावातील घराच्या अंगणात कोणते झाड लावावे, हा प्रश्न वरवर दिसतो तितका किरकोळ नाही.

असे समजावे की, अशाच एका घरी दिवाळीत पाहुणे आले आणि त्यांनी मुलांसाठी सुका मेवा आणला. त्यात सुरकुतलेले, तपकिरी रंगाचे, चवीला आंबटगोड असे जर्दाळू होते. मुलांनी गर खाल्ला आणि बिया आजीच्या पुढे ठेवल्या. आजीने अडकित्त्याने बिया फोडून आतला बदामासारखा गर मुलांच्या हातावर ठेवला. धाकट्या नातवाने मात्र एक बी मुठीत लपविली होती. तो म्हणाला, "आजी, ही बी अंगणात लावू का? झाड झाले म्हणजे दरवर्षी घरचे जर्दाळू खायला मिळतील."

"लाव की रे बाळा," आजी म्हणाली. "पण त्याला पाणी कोण घालील? वैशाखात पिण्याचा माठ भरताना नाकी नऊ येतात."

"मी घालीन. माझ्या आंघोळीच्या पाण्यातले दोन तांबे रोज त्याला देईन."

हे उत्तर ऐकून कोणाच्याही मनात कौतुक उत्पन्न होईल. आपल्या वाट्याचे पाणी झाडाला देऊ पाहणारे मूल घरात असणे, ही भाग्याची गोष्ट होय. "होईल, होईल, मोठे झाड होईल," असे म्हणून त्याची पाठ थोपटावी आणि विषय संपवावा, असेच वडीलधाऱ्यांना वाटेल. परंतु एवढ्यावर थांबणे हे त्या मुलाच्या हिताचे नाही. ज्या उत्साहाला माहितीची जोड नसते, त्याच्या वाट्याला बहुधा निराशाच येते. हा मुलगा चार वर्षे दोन-दोन तांबे पाणी घालील, आणि फळ न आले म्हणजे आपलेच काही चुकले असे मानून मनात खंतावेल. म्हणून बी मातीत घालण्यापूर्वी त्या झाडाची नीट ओळख करून घेणे योग्य ठरते.

जर्दाळू हा शब्द फार्सीतून आला आहे. 'जर्द' म्हणजे पिवळा आणि 'आलू' म्हणजे आलुबुखाऱ्याच्या जातीचे फळ. तेव्हा जर्दाळू म्हणजे पिवळे आलू. आणि आलुबुखारा म्हणजे बुखारा शहराकडचे आलू. एका फळाच्या नावात त्याचा रंग साठविलेला आहे, तर दुसऱ्याच्या नावात त्याचे गाव. प्राचीन रोमन लोकांना हे फळ आर्मेनिया देशातून आले असे वाटे. म्हणून शास्त्रीय नावात त्याला आजही आर्मेनियाची खूण चिकटलेली आहे. परंतु त्याची लागवड याहून कितीतरी आधी चीन आणि मध्य आशियाच्या थंड प्रदेशांत होत होती. मोगल बादशाह बाबर हा मध्य आशियातील फरगाणा प्रांतात जन्मला. त्याने आपल्या आत्मचरित्रात तेथील मार्गिलान गावच्या जर्दाळूंची वाखाणणी केली आहे. तेथील लोक जर्दाळूतील बी काढून त्या जागी बदामाचा गर भरीत व मग ते फळ वाळवीत, असे त्याने लिहून ठेवले आहे.

मराठवाड्याला जर्दाळू परका नाही. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि हैदराबादच्या मेजवानीत 'खुबानी का मीठा' या पक्वान्नाला आजही मान आहे. खुबानी म्हणजे जर्दाळूच. तथापि, हैदराबादेस काय किंवा वैजापुरास काय, जर्दाळू येई तो वाळलेला, दूरच्या व्यापाऱ्यांच्या पोत्यांतून. त्याचे झाड काही त्याच्या पाठोपाठ आले नाही. ते का आले नाही, याचे कारण शोधायचे असेल तर जर्दाळू जेथे सुखाने नांदतो तेथे मनाने जाऊन पाहिले पाहिजे.

भारताच्या उत्तर टोकाला लडाख आहे. तेथे जर्दाळूला 'चुली' म्हणतात. कारगिलच्या बाजूला, सिंधू व श्योक या नद्यांच्या खोऱ्यांत, घरोघरी जर्दाळूची झाडे आहेत. श्योकच्या काठचे टुर्टुक हे गाव तर त्यांच्यासाठी नावाजलेले आहे. तेथे हिवाळ्यात पाणी गोठते, पारा शून्याच्या खूप खाली उतरतो, आणि झाडे पाने टाकून निष्प्राण झाल्यासारखी उभी राहतात. एप्रिल महिना येतो आणि त्याच उघड्या फांद्या पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरून जातात. जुलै-ऑगस्टात फळे पिकतात. लोक ती घराच्या सपाट छपरांवर पसरून उन्हात वाळवितात. बियांतून तेल काढतात. पाऊस तेथे वैजापूरपेक्षाही फार कमी. लेह येथे वर्षभरात सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु डोंगरावरील बर्फ वितळून उन्हाळ्यातच ओढे वाहू लागतात आणि त्यांचे पाणी लहान पाटांनी बागांना मिळते. तेथील 'रक्तसे कार्पो' नावाच्या, पांढऱ्या बीच्या गोड जर्दाळूला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. एखाद्या वस्तूचे गुण ती जेथे होते त्या भूमीशी जोडलेले असले म्हणजे असे मानांकन मिळते. जर्दाळू आणि लडाखची थंडी यांचे नाते किती घट्ट आहे, हे यावरूनच ध्यानात यावे.

आता प्रश्न असा की, झाडाला थंडी कशासाठी हवी? थंडीने झाडे कोमेजतात, एवढेच उष्ण प्रदेशातील मुलांना ठाऊक असते. परंतु थंड प्रदेशातील झाडांची रीत निराळी आहे. शरद ऋतूच्या शेवटी जर्दाळू आपल्या कळ्या घट्ट मिटून घेतो आणि झोपी जातो. मध्येच चार दिवस ऊन पडले आणि वसंत आला असे समजून कळ्या उमलल्या, तर पुढच्या बर्फात त्या जळून जातील. हा धोका टाळण्यासाठी कळ्यांना जणू थंडीचे तास मोजण्याची सवय जडलेली आहे. सात अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून कमी तापमानाचे तास त्या मोजीत राहतात. जातीनुसार काही शे तासांपासून हजार तासांपर्यंत हा हिशेब पुरा झाला, की मगच झाडाला खात्री पटते की हिवाळा खरोखर सरला. त्यानंतर आलेल्या उबेने ते जागे होते. हिशेब पुरा झाला नाही, तर कळ्या धड मिटलेल्या राहत नाहीत आणि धड उमलतही नाहीत. पाने वेळी-अवेळी फुटतात, फुले तुरळक येतात किंवा येतच नाहीत, आणि मग फळ कोठून येणार?

हा हिशेब वैजापूरला लावून पाहावा. एखाद्या जातीला ६०० तास थंडी हवी असे धरले, तर ती अखंड २५ दिवसांची थंडी झाली. वैजापूरला पौष महिन्यात पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास येतो, क्वचित त्याच्याही खाली जातो. पण दुपार होताच अंगातील स्वेटर काढून ठेवावा लागतो. समजा, रोज पहाटे तीन तास पुरेशी थंडी पडली, तरी ६०० तास भरायला २०० रात्री लागतील. हिवाळ्याच्या रात्री तर शंभराच्याही आत. आणि त्यांतही इतकी थंडी थोड्याच पहाटे पडते. म्हणजे बी रुजेल, रोप उगवेल, हिरवी पाने डोलतील. पण त्या रोपाला हिवाळा म्हणजे काय हे कधी कळणारच नाही. जो कधी नीट झोपला नाही, तो ताजातवाना होऊन उठणार कसा?

या ठिकाणी एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. प्रत्येक झाडाला झोपेचा एक काळ असतो. लडाखचा जर्दाळू बर्फात झोपतो. मग वैजापूरच्या झाडांना झोप नाही काय? आहे, मात्र त्यांची वेळ वेगळी आहे. बोरीचे झाड पाहावे. माघ-फाल्गुनापर्यंत ते बोरे देते, आणि उन्हाळा तापू लागला की पाने गाळून स्वस्थ होते. सीताफळही पाणी तुटू लागले की पाने टाकते आणि उघड्या फांद्यांनी दिवस काढते. लडाखची झाडे थंडीच्या संकटात झोपतात, मराठवाड्याची झाडे टंचाईच्या संकटात झोपतात. जे संकट ज्या भूमीवर येते, ते झोपेत काढण्याची विद्या त्या भूमीत रमलेल्या झाडाने शिकून घेतलेली असते.

अंगणातील झाडाची निवड करताना नेमके हेच पाहावयास हवे. जर्दाळूची जाग चैत्रात सुरू होते. त्याची पाने पसरतात आणि त्याची तहान वाढते ती वैशाखात. लडाखात त्याच वेळी बर्फाचे पाणी पाटातून खळाळत येते. वैजापुरात मात्र त्याच वेळी विहिरीचा तळ दिसू लागतो. घरातील माणसे जेव्हा घागर-घागर पाण्यासाठी वाट पाहत असतात, तेव्हा हे झाडही हात पसरून उभे राहणार. याउलट बोर आणि सीताफळ ही झाडे त्या दिवसांत शहाण्या पाहुण्याप्रमाणे यजमानाकडे फारसे काही मागत नाहीत. ज्या झाडाची झोप घराच्या टंचाईशी जुळते, ते झाड त्या घराचे होते. शेकडो झाडांच्या नावांतून निवड करायची झाली, तर ही एक कसोटी पुष्कळशी पुरेशी आहे.

यावर कोणी असे म्हणेल, की हा युक्तिवाद परक्या झाडांना दार बंद करणारा आहे. 'जे येथले तेच चांगले' असा हट्ट धरणारा आहे. हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. परंतु सीताफळाचीच कुळकथा पाहिली, तर त्याचे उत्तर मिळते. सीतामाईचे नाव धारण करणारे, बालाघाटच्या डोंगररांगांत आपोआप वाढणारे आणि दौलताबादच्या बाजूला हंगामात टोपल्या भरभरून विकले जाणारे हे फळ मूळचे कोठले? वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात की, त्याचे मूळ घर अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशात आहे. पेरू तिकडचाच, पपई तिकडचीच. आणि ज्या मिरचीच्या ठेच्यावाचून मराठवाड्यात भाकरी गोड लागत नाही, ती मिरचीही तिकडचीच! ही सारी परदेशातून आली आणि या मातीत रुजली. बीडच्या सीताफळाला तर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तेव्हा झाड कोठून आले हा प्रश्नच नव्हे. त्याला जे हवे ते येथे आहे काय, आणि येथे जे आहे ते त्याला सोसेल काय, हे दोन प्रश्न खरे. सीताफळाने त्यांची उत्तरे दिली म्हणून ते येथले झाले. जर्दाळूला ती देता येत नाहीत, म्हणून तो पाहुणाच राहिला. यात त्याचा दोष नाही आणि वैजापूरचाही नाही.

दुसरा आक्षेप याहून जोरकस आहे. "प्रयत्न केल्यावाचून कसे कळणार? पूर्वजांनी असाच विचार केला असता, तर नवे पीक कधी आलेच नसते," असे एखादा धीट विद्यार्थी विचारील, आणि त्याने अवश्य विचारावे. नाशिकच्या द्राक्षांचे उदाहरण त्याच्या बाजूचे आहे. द्राक्षवेलही थंड प्रदेशात हिवाळ्यात झोपते व वसंतात फळांच्या तयारीला लागते. महाराष्ट्रात तिला तसा हिवाळा मिळत नाही. तरीही येथील बागाईतदारांनी तिला फळे धरावयास लावली ती कशी? त्यांनी वेलीचा स्वभाव अभ्यासला. वर्षातून दोनदा, एकदा एप्रिलच्या सुमारास आणि एकदा ऑक्टोबरच्या सुमारास, तिची छाटणी करण्याची पद्धत त्यांनी बसविली. पहिल्या छाटणीनंतर काडी तयार होते, दुसरीनंतर घड येतात. सफरचंदाचे उदाहरण तर अगदी अलीकडचे आहे. हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्यातील हरिमन शर्मा या शेतकऱ्याने कमी थंडीवरही फळ देणारी सफरचंदाची जात निवडून वाढविली. 'एचआरएमएन-९९' या नावाने ती ओळखली जाते आणि उष्ण प्रदेशांतील शेतकऱ्यांनीही ती लावून पाहिली आहे. या कार्याबद्दल शर्मा यांना २०२५ मध्ये पद्मश्री किताब जाहीर झाला.

मग जर्दाळूविषयी असे का होऊ नये? कदाचित होईलही. परंतु या दोन्ही उदाहरणांत काय घडले ते नीट पाहावे. नाशिकच्या बागाईतदाराने किंवा बिलासपूरच्या शेतकऱ्याने निसर्गाचा नियम मोडला नाही. त्यांनी तो समजून घेतला. एकाने छाटणीची वेळ शोधली, दुसऱ्याने लहानशा गरजेचे झाड शोधले. कोणतीही बी कोठेही पुरावी आणि नुसत्या हौसेने पाणी घालीत राहावे, याला प्रयत्न म्हणत नाहीत. प्रयत्न म्हणजे प्रश्न विचारून केलेले काम. शिवाय मेव्याच्या पुडीतील बी कोणत्या जातीची, तिला किती थंडी हवी, हे कोणीच सांगू शकत नाही. बीपासून उगवलेले झाड आईसारखेच फळ देईल असाही नेम नसतो. म्हणूनच जर्दाळूच्या बागांतून चांगल्या जातीची कलमे लावतात.

तेव्हा ज्या मुलाला जर्दाळूविषयी खरोखर जिज्ञासा आहे, त्याने प्रयोग करावा. मात्र प्रयोगासारखा करावा. बीचे कठीण कवच हलक्या हाताने फोडावे, आतील गर न दुखविता ओल्या वाळूत ठेवावा आणि घरी शीतकपाट असल्यास त्यात दीड-दोन महिने ती वाळू ठेवावी. हिवाळा मिळाल्याचा भास झाला म्हणजे बी रुजण्यास तयार होते. नंतर ती कुंडीत लावावी. कारण काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि जर्दाळूच्या मुळांना साचलेले पाणी सोसत नाही. रोप केव्हा उगवले, पाने केव्हा गळली, त्या दिवशी पारा किती होता, हे वहीत टिपून ठेवावे. फळ आले नाही तरी ती वही हेच त्या प्रयोगाचे फळ होय. एक सावधगिरी मात्र बाळगावी: जर्दाळूच्या बीतील गर कडू लागला तर तो लगेच थुंकून टाकावा, मुळीच गिळू नये, कडू गरातून पोटात विषारी द्रव्य तयार होते.

कुंडी प्रयोगासाठी ठेवावी; अंगण मात्र खात्रीच्या झाडाला द्यावे. कारण अंगण एकच असते आणि झाडाची पहिली चार-पाच वर्षे पुन्हा परत मिळत नाहीत. वैजापूरच्या घरासमोर दहा-बारा हात मोकळी जागा असेल, तर सीताफळासारखे झाड नाही. उन्हाळ्यात दीड-दोन फूट लांब, रुंद व खोल असा खड्डा खणून तो उन्हात तापू द्यावा. मृगाचा पाऊस लागण्यापूर्वी त्यात गाळाची माती व चांगले कुजलेले शेणखत भरावे. दोन चांगले पाऊस पडून जमीन निवली म्हणजे रोप लावावे. रोप शक्यतो कलमी घ्यावे. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र अंबाजोगाईला आहे. तेथे निवडलेली 'धारूर-६' आणि सर्वत्र प्रचारात असलेली 'बाळानगर' या जाती चांगल्या मानल्या जातात. शेळ्या सीताफळाचा पाला सहसा खात नाहीत, ही गोष्ट गावातल्या उघड्या अंगणाला फारच सोयीची आहे.

पहिले दोन-तीन उन्हाळे रोपाला जपावे लागते. त्यासाठी रोपाच्या बुडाजवळ एक मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, त्याच्या तळाला बारीक छिद्र पाडून कापडाची वात बसवावी आणि तोंडावर झाकण ठेवावे. मडक्यातील पाणी हळूहळू पाझरते आणि सरळ मुळांना मिळते. उन्हाने उडून जात नाही. भोवती पालापाचोळ्याचे आच्छादन पसरले म्हणजे ओल अधिक दिवस टिकते. त्या नातवाचे दोन तांबे पाणी अशा मडक्यात पडले, तर त्यातील एक थेंबही वाया जाणार नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी झाड फळ धरू लागते. अश्विन-कार्तिकात फळांच्या खवल्यांमधील खाचा रुंदावतात आणि पिवळसर दिसू लागतात. सीताफळाने डोळे उघडले, असे लोक त्याला म्हणतात. डोळे उघडलेले फळ काढून धान्यात किंवा गवतात ठेवले, की एक-दोन दिवसांत ते मऊ होते. त्याच्या बियांची पूड मात्र डोळ्यांना फार अपायकारक असते. तिच्याशी मुलांनी खेळू नये.

पाण्याविषयी इतके बोलण्याचे कारण काय, असे सुखवस्तू गावातील वाचकाला वाटेल. मराठवाड्यातील वाचकाला तसे वाटणार नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील हजारो शेतकरी कुटुंबे आपली शेती सोडून खडी फोडण्याच्या कामावर गेली. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना आणि तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यांतील मोसंबीच्या कितीतरी बागा उभ्या वाळून गेल्या. लेकराप्रमाणे वाढविलेली झाडे शेतकऱ्यांनी टँकरचे विकत पाणी घालून जगविण्याची धडपड केली. ज्यांना ते साधले नाही, त्यांनी डोळ्यांत पाणी आणून त्यांवर कुऱ्हाड चालविली. २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी पोचवावे लागले. मोसंबी हे काही वाईट झाड नव्हे. जालन्याच्या मोसंबीला मानांकन आहे, कीर्ती आहे. परंतु तिला बारमाही पाण्याचा आधार लागतो, आणि आधार तुटला की कीर्ती झाडाला जगवू शकत नाही. ज्या प्रदेशाने हे पाहिले आहे, त्या प्रदेशात झाड निवडणे ही केवळ आवडीनिवडीची बाब राहत नाही. ती घरातील प्रत्येकाच्या वाट्याच्या पाण्याची बाब होते.

आणि म्हणून तो नातू जेव्हा विचारतो, "बी लावू का?" तेव्हा त्याला दोन्ही टोकांची उत्तरे देऊ नयेत. "येथे काही येत नाही, उगाच पाणी नासू नकोस," असे म्हणून त्याचा उत्साह मारू नये; तसेच "येईल, येईल," अशी खोटी आशाही लावू नये. त्याला खरे सांगावे. "बाळ, हे झाड थंडीचे तास मोजते आणि येथे तितकी थंडी नाही. हवे तर कुंडीत लावून पाहा आणि काय होते ते लिहून ठेव. अंगणात मात्र सीताफळ लावू. तुझे दोन तांबे त्याला पुरतील." मुलांना खरे कळते आणि खरे रुचतेही, मोठी माणसेच पुष्कळदा ते सांगण्याचा कंटाळा करतात.

जर्दाळू खाऊ नये असे यात कोठेही नाही. तो आनंदाने खावा. टुर्टुकच्या छपरावर कोणा माउलीने उन्हात वाळविलेले फळ वैजापूरच्या मुलाच्या हाती यावे, ही केवढी मौजेची गोष्ट आहे! एकाच देशात एकीकडे बर्फात झोपणारे झाड आहे आणि दुसरीकडे उन्हात झोपणारे. दोघांनी आपापल्या जागी राहून फळावे आणि फळांनी मात्र खुशाल प्रवास करावा. सगळ्यांनी सगळेच आपल्या अंगणात पिकवावे असा आग्रह धरण्यापेक्षा, ज्याच्या अंगणात जे उत्तम होते ते त्याने पिकवावे आणि एकमेकांना द्यावे, यात अधिक शहाणपण आहे.

एखाद्या दिवाळीत त्या घरी पुन्हा पाहुणे येतील. मुलगा तोवर उंच झालेला असेल. कुंडीतले जर्दाळूचे रोप असेल किंवा नसेल. त्याची हकिकत वहीत असेल. अंगणातील सीताफळाखाली आजी बसलेली असेल, आणि नातू पाहुण्यांच्या हातांवर डोळे उघडलेली फळे ठेवील. त्यांतील एका फळात, मडक्यातून थेंबाथेंबाने पाझरलेल्या त्या दोन तांब्या पाण्याची गोडी असेल. झाड लावण्यापूर्वी ज्याने झाडाला विचारले, त्याला झाड असे उत्तर देते.